आयर्न मेडनमध्ये एवढी माणसं बदलली तरी बँड टिकला कसा? आमचा मोडायलाय

गोदाकाठचा_गिटारवाला (नांदेड):

नमस्कार मंडळी. नांदेडात आमचा चौघांचा बँड आहे. गायक, बास, ड्रम आणि गिटारवर मी. जास्त करून आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडची गाणी वाजवतो, दोन-तीन मराठी गाणी स्वतःचीही बांधलीत. तालीम एका मित्राच्या बारदान्याच्या गोदामात. आता गायकाला हिंजवडीत नोकरी लागली, या महिन्यात चालला. ड्रमरचं लग्न ठरलंय. तो "बघू" म्हणायलाय, म्हणजे तोही गेल्यातच जमा.

मित्र म्हणायलेत, दोघंच उरलात तर नाव बदला, हा काही तोच बँड नाही. मग मेडनचं काय? तिथं तर गायक बदलले, ड्रमर बदलले, गिटारवाले येऊन-जाऊन परत आले. कोण कधी आलं-गेलं ते कुणी नीट सांगेल का? आणि त्यांना जमलं ते कशामुळं? आम्ही हुबेहूब जुन्या गायकासारखा आवाज शोधायलोत, तो काही सापडेना.

बीडचा_किलर:

१९८१ ला गायक पॉल डिॲनोला काढला तिथं मेडन संपली. पहिले दोन अल्बम ऐक. पुढचं सगळं स्वतःच्या विमानातून फिरणाऱ्यांचं.

परभणीचा_बासवाला:

बीडवाले भाऊ दरवेळी एवढंच बोलतात. त्यांचं प्रेम खरं आहे, पण ऐकू नको.

मी परभणीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात बास वाजवतो. त्यामुळं ही गोष्ट मी बासकडूनच सांगणार. तशीच सांगायला पाहिजे, कारण मेडन हा बासवाल्याचा बँड आहे. स्टीव्ह हॅरिस. पूर्व लंडनच्या लेटनमधला पोरगा. आधी 'स्मायलर' नावाच्या बँडमध्ये होता. तिथल्यांना याची गाणी फार गुंतागुंतीची वाटायची, मधेच लय बदलते, मधेच थांबते. हा म्हणाला ठीक आहे, आणि १९७५ च्या नाताळात स्वतःचा बँड काढला. गायक ठेवायचा म्हणून काढला नाही, स्वतःची गाणी वाजवायला काढला. हे ध्यानात ठेव, पुढचं सगळं यावरच उभं आहे.

पहिल्या तीन वर्षांतली नावं पाठ करायच्या भानगडीत पडू नको. पॉल डे गायला, मग डेनिस विलकॉक आला. तो स्टेजवर तलवार आणि खोटं रक्त वापरायचा. गिटारवाले आले, गेले. १९७६ च्या शेवटी डेव्ह मरे आला, विलकॉकशी भांडण झालं म्हणून त्याला काढला, आणि तो गेला कुठं? आपला शाळेपासूनचा दोस्त एड्रियन स्मिथ, त्याच्या 'अर्चिन' बँडमध्ये. थोड्या दिवसांत मरे परत आला. तेव्हापासून तो हलला नाही. हॅरिस आणि मरे, कायमचे म्हणावेत असे हे दोघंच. तुम्ही पण दोघंच उरलात ना?

१९७८ च्या अखेरीला पॉल डिॲनो आला. वर्षाच्या शेवटच्या दिवसांत केंब्रिजला जाऊन त्यांनी डेमो रेकॉर्ड केला. त्याची कॅसेट त्यांनी नील के नावाच्या डीजेला दिली. लंडनच्या किंग्जबरीत त्याचा अड्डा होता, तिथं फक्त हेवी मेटल वाजायचं. त्यानं ती वाजवून वाजवून लोकांच्या डोक्यात बसवली. पुढच्या वर्षी तोच डेमो 'द साउंडहाउस टेप्स' म्हणून ५००० प्रतींत काढला आणि हातोहात संपला. तीच कॅसेट रॉड स्मॉलवुडच्या कानावर गेली. तो मॅनेजर झाला, डिसेंबर १९७९ मध्ये ईएमआय या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला, आणि एप्रिल १९८० मध्ये पहिला अल्बम थेट ब्रिटनच्या यादीत चौथ्या नंबरवर. रेडिओची फार मेहेरबानी नव्हती. पोरं गावोगाव फिरून वाजवत होती.

त्या अल्बमवर मरेच्या जोडीला डेनिस स्ट्रॅटन होता. वर्षभरही टिकला नाही. त्याला वेगळं संगीत आवडायचं, बसला-उठला तरी जमेना. त्याच्या जागी आला कोण? एड्रियन स्मिथ, मरेचा तोच दोस्त. १९८१ चा 'किलर्स' या जोडीनं केला, आणि त्यावर पहिल्यांदा मार्टिन बर्च निर्माता म्हणून बसला. डीप पर्पलचे अल्बम केलेला माणूस. पहिल्या अल्बमचा आवाज हॅरिसला कधीच आवडला नव्हता. 'किलर्स' लावून बघ, बासची प्रत्येक बोटाची टिचकी वेगळी ऐकू येते. हॅरिस पिक वापरत नाही, बोटांनी वाजवतो, तारा गुळगुळीत वेटोळ्याच्या, आणि ती जी घोडदौड ऐकू येते, एक लांब दोन आखूड, ती उजव्या हाताच्या दोन बोटांची. मी ऑर्केस्ट्रात कोळीगीताला ती लावून पाहिली. निवेदकानं माइक बंद ठेवून जे म्हटलं ते इथं लिहीत नाही.

आता डिॲनो. बीडवाले भाऊ, त्याचा आवाज गल्लीतला होता, खरखरीत, पंकवाल्यांच्या जवळ जाणारा. पण दौरा वाढला तसं व्यसन वाढलं, कार्यक्रम हातातून जायला लागले. १९८१ मध्ये त्याला काढला. उतारवयात तो व्हीलचेअरवर बसून गायचा, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये गेला. त्याच्याबद्दल वाकडं बोलायचं नाही. पण काढला नसता तर बँड तिथंच बसला असता, हेही तितकंच खरं.

ब्रूस डिकिन्सन तेव्हा 'सॅमसन' मध्ये गायचा. रेडिंगच्या फेस्टिव्हलमध्ये स्मॉलवुडनं त्याला गाठला. आता इथं लक्ष दे. डिॲनो आणि ब्रूस यांचे आवाज एकमेकांच्या जवळपासही नाहीत. हॅरिसला डिॲनोसारखा दुसरा शोधायचा असता तर लंडनच्या पबांत डझनभर मिळाले असते. त्यानं उलटं केलं. वेगळा आवाज घेतला आणि गाणी त्या आवाजाच्या उंचीला नेली. मार्च १९८२ ला 'द नंबर ऑफ द बीस्ट' आला, ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर. गंमत म्हणजे सॅमसनच्या करारामुळं त्या अल्बमवर ब्रूसला गीतकार म्हणून नावही लावता आलं नाही. म्हणजे गाणी हॅरिसची, थोडी स्मिथ वगैरेंची, पण ब्रूसचा गळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली.

मग ड्रमर बदलला, क्लाइव्ह बर गेला आणि निको मॅकब्रेन आला. यावर वाळूजचे भाऊ लिहितीलच, ते त्यांचं क्षेत्र. १९८३ पासून पाचजण पक्के झाले आणि चार अल्बम झाले: 'पीस ऑफ माइंड', 'पॉवरस्लेव्ह', 'समव्हेअर इन टाइम', 'सेव्हन्थ सन'. तुला कुठून ऐकू असा प्रश्न असेल तर 'पॉवरस्लेव्ह'. पण त्यानंतरचा १९८४-८५ चा दौरा जवळजवळ वर्षभर चालला आणि माणसं आतून दमली. ब्रूसनं पुढच्या अल्बमला साध्या गिटारवरची शांत गाणी आणली, ती घेतली नाहीत. तो अल्बम स्मिथनं उचलला. आणि तोच स्मिथ १९९० मध्ये गेला, कारण हॅरिसला आता पुन्हा साधं, उघडंबोडकं वाजवायचं होतं. 'नो प्रेयर' हा अल्बम हॅरिसच्या स्वतःच्या जागेत, फिरता स्टुडिओ बाहेर उभा करून रेकॉर्ड केला. स्मिथच्या जागी जॅनिक गर्स आला. तो ब्रूसच्या स्वतंत्र अल्बमवर वाजवलेला. १९९३ मध्ये ब्रूसही गेला.

आता ब्लेझ बेली. सगळे त्याला शिव्या घालतात, मला राग येतो. 'वुल्फ्सबेन'चा गायक. १९९५ चा 'द एक्स फॅक्टर' रात्री दुकान बंद केल्यावर एकट्यानं ऐक. हॅरिसचा घटस्फोट झालेला, सगळा अल्बम काळवंडलेला, आणि ब्लेझचा खालचा, जड आवाज त्याला बरोबर बसतो. त्याच्यासाठी बांधलेल्या गाण्यांत तो कुठंच कमी पडत नाही. अडचण झाली ती स्टेजवर. तिथं जुनी गाणी गायला लागायची, ती ब्रूसच्या गळ्याची. रोज रात्री दुसऱ्याच्या उंचीवर हात पोचवायचा. गळा बसायचा, कार्यक्रम रद्द व्हायचे. अल्बम ब्रिटनच्या यादीत आठव्या नंबरपर्यंत, पुढचा 'व्हर्च्युअल इलेव्हन' सोळाव्यापर्यंत. आधी पहिला-दुसरा नंबर घेणाऱ्यांना ते खुपलंच. १९९९ च्या सुरुवातीला तो गेला. दोष त्याचा नाही. माणूस नवा घेतला आणि अर्धा कार्यक्रम जुन्या माणसाच्या मापाचा ठेवला.

आणि १९९९ मध्ये ब्रूस आणि स्मिथ दोघंही परत आले. कुणालाही वाटेल, आता गर्सला नारळ. हॅरिसनं नाही काढला. तीन गिटार ठेवल्या. सहाजणांचा हा संच पंचवीस वर्षं चालला, मेडनच्या इतिहासात सगळ्यात जास्त. २००० चा 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' ऐक, तीन गिटार एकमेकांच्या पायात येत नाहीत.

१ फेब्रुवारी २००८ ला ते मुंबईत वाजवून गेले, वांद्रे-कुर्ला संकुलात. त्या जागतिक दौऱ्याचा तो पहिलाच कार्यक्रम, आणि बीडवाल्यांचं ते विमान ब्रूस स्वतः चालवत आला होता. मी देवगिरीनं दादरला उतरून गेलो होतो. डब्यात निम्मे सोलापुरी चादर पांघरून झोपलेले आणि आम्ही तिघं काळे टी-शर्ट घालून टक्क जागे. बहुतेक गाणी ऐंशीच्या दशकातली होती, म्हणजे गर्स बँडमध्ये यायच्या आधीची. तो ती गिटार भिरकावत, पाय स्पीकरवर टाकत अशी वाजवत होता की त्याच्या वाट्याची नाहीत असं कुणाला वाटलं नसतं.

तर टिकलं कशामुळं? आपल्याकडं सप्त्यात वीणा खाली ठेवत नाहीत, पहारा बदलतो, विणेकरी बदलतो. मेडनमध्ये वीणा एकाच माणसाच्या गळ्यात आहे आणि बाकीचे टाळकरी बदलत गेले. गाणी हॅरिसची, आणि बाजूला स्मॉलवुडसारखा एकच मॅनेजर १९७९ पासून. दुसरं, जे माझ्या मते कुणी बोलत नाही: नवा माणूस कधी परका नव्हता. स्मिथ मरेचा दोस्त. बर आणि ब्रूस दोघंही सॅमसनमधले. निकोचा 'ट्रस्ट' बँड मेडनच्या दौऱ्यात आधी वाजवायचा. ब्लेझच्या वुल्फ्सबेननंही तसंच आधी वाजवलं होतं. गर्स ब्रूसच्या ओळखीचा. जाहिरात देऊन अनोळखी माणूस आणलाय असं फार कमी.

तुझ्या गायकाचं सांगतो. हुबेहूब आवाज शोधायचं आजच बंद कर. आमच्या ऑर्केस्ट्रात गायिका बदलली की पहिला प्रश्न पट्टी कोणती. काळी चारवाली गेली आणि पांढरी सहावाली आली तर कीबोर्डवाला बटण दाबतो, मी एक पडदा सरकतो, गाणं उभं राहतं. मेटलवाल्यांना कुणी सांगितलंय की मूळ पट्टीच पाहिजे? गिटार सरळ दोन पडदे खाली उतरवा. तारा थोड्या जाड घ्या, नाहीतर फडफडतील.

वाळूजचा_ड्रमर (संभाजीनगर):

माझं नाव घेतलंच आहे तर. मी एमआयडीसीत शिफ्ट करून वाजवणारा, त्यामुळं लांब लिहीत नाही.

क्लाइव्ह बरचा हात हलका होता, तो गाण्याला जागा सोडायचा. 'द नंबर ऑफ द बीस्ट' वर तो आहे, लोक विसरतात. डिसेंबर १९८२ मध्ये गेला. पुढं त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस झाला, त्याच्या मदतीसाठी मेडननं कार्यक्रम केले. २०१३ मध्ये वारला. काढलेल्या माणसासाठी हे करणं, ही बाजू पण लिहायला पाहिजे होती बासवाले भाऊ.

निकोचं सगळ्यात मोठं म्हणजे एकच पेडल. आजची पोरं डबल पेडल घेतल्याशिवाय मेटलला हात लावत नाहीत, आणि निकोनं ती जवळजवळ सगळी घोडदौड एका उजव्या पायानं काढली. जानेवारी २०२३ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला, उजव्या बाजूवर परिणाम झाला. तरी काही महिन्यांत दौऱ्यावर परत. काही जागा त्याला पूर्वीसारख्या घेता येईनात, त्या सोप्या केल्या. डिसेंबर २०२४ मध्ये ब्राझीलच्या साओ पावलोत शेवटचा कार्यक्रम करून दौऱ्यांतून थांबला. त्याच्या जागी सायमन डॉसन, हॅरिसच्याच 'ब्रिटिश लायन' मधला. बघा, पुन्हा ओळखीतलाच. २०२५ च्या मे महिन्यात बुडापेस्टपासून तो वाजवायला लागला.

नांदेडकर, ड्रमर खरंच गेला तर ऑर्केस्ट्रातला ऑक्टोपॅडवाला पकडू नका. हात भन्नाट असतो, पण पायाची सवय नसते. त्यापेक्षा बँजो पार्टीत ताशा वाजवणारं एखादं पोरगं धरा. ताकद आणि दम दोन्ही तयार, पाय सहा महिन्यांत शिकवता येतो. मी स्वतः तसाच आलोय.

गोदाकाठचा_गिटारवाला:

बासवाले काका, वाळूजचे दादा, लई आभार. ओळखीतला म्हणाल तर एक आहे. आमच्या बासवाल्याची मावसबहीण, अर्धापूरकडची, कीर्तनात साथीला गाते. आवाज वर जातो पण ओरडत नाही. मेटल तिनं कधी ऐकलं नाही. आम्ही तिला विचारायला लाजायलोत.

नावाचं पण सांगा ना. जाणारा गायक म्हणतोय, नाव मी ठेवलं होतं, पुण्यात मीच वापरणार.

बीडचा_किलर:

कीर्तनवाली घ्या. डिॲनो नाही तर नाही, तीच बरी. हे मी मनापासून म्हणायलोय.

परभणीचा_बासवाला:

बीडवाले भाऊ पहिल्यांदा कामाचं बोलले.

लाजायचं काय त्यात? साथीला गाणारी म्हणजे ताल पक्का, पाठांतर पक्कं, लोकांसमोर उभं राहायची सवय आणि तीन तास गायचा दम. हे चार तुम्हाला हिंजवडीवाल्यात तरी होते का? फक्त तिला मेडनची गाणी देऊ नका. ब्लेझचं झालं तेच होईल. तुमची जी दोन-तीन मराठी गाणी आहेत ती आधी द्या. तिला तानपुऱ्यासोबत तिच्या पट्टीत गाऊ दे, मोबाइलवर रेकॉर्ड करा, आणि मग गिटार त्या पट्टीला आणा. चाल तिच्या तोंडात बदलली तर बदलू द्या. तुमच्यातलं कुणी अडून बसलं की "मूळ अशी नव्हती", तर त्याला सांगा, मूळवाला पुण्याला गेला. मेडनची दोन गाणी ठेवायचीच असतील तर तीही तिच्या पट्टीत, आणि चार महिन्यांनी.

नावाचं सरळ आहे. गाणी कुणी बांधली? चाल आणि वाजवणं तुझं आणि बासवाल्याचं असेल तर भांडायला आधार आहे. शब्द त्याचे असतील तर ते त्याच्या नावानं लिहून टाका, म्हणजे तो शांत होईल. आजच्या आज चौघांनी बसून एक कागद करा: कुठलं गाणं कुणाचं, नाव कुणाकडं, यूट्यूबच्या खात्याचा पासवर्ड कुणाकडं. पासवर्डचं आधी बघा. आमच्या एका ऑर्केस्ट्राचं पेज जुन्या निवेदकाकडंच राहिलं, अजून सुपाऱ्या त्यालाच जायलेत.

तो फारच हट्टाला पेटला तर नाव देऊन टाका. नांदेडात तुम्हाला नावानं ओळखणारे किती आहेत? गोदामाच्या शेजारचेच. गाणी मात्र देऊ नका.

गोदाकाठचा_गिटारवाला:

पासवर्ड त्याच्याकडंच आहे. आत्ता फोन करतो.

वाळूजचा_ड्रमर (संभाजीनगर):

गोड बोलून घे. आणि ताशावाला मिळाला की मला मेसेज कर, जुनं पेडल पडलंय माझ्याकडं, तपोवननं पाठवून देतो.